पानाच्या अर्कापासून औषधापर्यंत : मधुमेहरोधी वनस्पतींची शास्त्रीय चाचणी

मधुमेह हा आजार आता केवळ शहरांतील सुखवस्तू वर्गापुरता राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत एक लाख तेरा हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी करण्यात आली. त्यानुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना, म्हणजे सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असून आणखी १५.३ टक्के लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. राज्यनिहाय पाहता गोव्याचे प्रमाण सर्वाधिक, २६.४ टक्के इतके आढळले. हा आजार आयुष्यभर सोबत करतो, औषधाचा खर्च दरमहा येतो आणि त्यामुळे परसातील एखाद्या पाल्याने साखर उतरते असे कोणी सांगितले की रुग्णाचे मन तिकडे ओढ घेते. ही ओढ समजण्यासारखी आहे. मात्र पाला गुणकारी आहे की नाही हे ठरवायचे कसे, हा प्रश्न विज्ञानाचा आहे आणि त्याचे उत्तर चुकले तर त्याची किंमत रुग्णाच्या डोळ्यांना, मूत्रपिंडाला, प्रसंगी जिवाला मोजावी लागते.

आयुर्वेदाच्या संहितांमध्ये प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिलेले असून मधुमेह हा त्यांपैकी एक होय. त्यावरील उपचारांत अनेक वनस्पती येतात. कारले, जांभूळ, मेथी, विजयसार, गुळवेल ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. पानांच्या चाचणीची पद्धती समजून घेण्यासाठी मात्र गुडमार या एकाच वनस्पतीचा मागोवा घेणे अधिक उपयुक्त ठरते, कारण तिच्यावरील संशोधनाचा इतिहास पावणेदोनशे वर्षांचा आहे आणि त्यात यश, आशा, शंका व फसगत यांचे सर्व नमुने सापडतात.

गुडमार : चवीपासून रक्तशर्करेपर्यंत

गुडमार ही पश्चिम घाट, मध्य भारत व दक्षिण भारतातील वनांत झाडाझुडपांवर चढणारी काष्ठमय वेल आहे. जिम्नेमा सिल्वेस्ट्रे हे तिचे शास्त्रीय नाव. संस्कृतात तिला मेषशृंगी व मधुनाशिनी म्हणतात, तमिळमध्ये सिरुकुरिंजान, तर मराठीत कावळी किंवा बेडकीचा पाला या नावांनीही ती ओळखली जाते. तिची दोन-तीन पाने चावून खाल्ली की त्यानंतर अर्धा ते एक तास साखर वाळूसारखी बेचव लागते. आंबट वा खारट चव मात्र कायम राहते. १८४७ च्या सुमारास एजवर्थ या ब्रिटिश अधिकाऱ्याने हा गुणधर्म लंडनच्या लिनियन सोसायटीच्या निदर्शनास आणला. १८८७ मध्ये उटकमंड येथे काम करणाऱ्या डेव्हिड हूपर या रसायनशास्त्रज्ञाने पानांतून एक आम्लधर्मी पदार्थ वेगळा काढला. त्यास जिम्नेमिक आम्ल असे नाव मिळाले. पुढे हा एकच पदार्थ नसून सॅपोनिन वर्गातील अनेक सजातीय संयुगांचा समूह असल्याचे सिद्ध झाले. ही संयुगे जिभेवरील गोड चवीच्या ग्राहकांना चिकटून त्यांचे काम तात्पुरते थांबवितात.

जिभेवरील गोडी नाहीशी होणे आणि रक्तातील साखर उतरणे या दोन सर्वस्वी भिन्न घटना आहेत, हे येथेच स्पष्ट केलेले बरे. 'गोडाला मारणारे ते मधुमेहाला मारणारे' हा तर्क लोकमानसात सहज रुजतो. शास्त्रात त्याला केवळ तपासण्याजोगी कल्पना इतकेच स्थान आहे. ही कल्पना प्रथम गांभीर्याने तपासणाऱ्यांत मुंबईच्या हाफकिन संस्थेशी संबंधित डॉ. कृ. श्री. म्हसकर आणि फादर कायस यांचा समावेश होतो. त्यांचा गुडमारवरील प्रबंध १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगातील प्राण्यांमध्ये पानांमुळे रक्तशर्करा कमी होते आणि हा परिणाम स्वादुपिंडातील इन्सुलिनच्या स्रावाला चालना मिळाल्यामुळे होत असावा, असे अनुमान त्यांनी मांडले. इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये लागलेला होता, हे लक्षात घेता या अनुमानाचे नावीन्य ध्यानात येते. याच जोडीने सर्पदंशावर उतारा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या शेकडो वनस्पतींचीही परीक्षा केली आणि त्यांतील एकही गुणकारी नसल्याचे निःसंदिग्ध शब्दांत नोंदविले. देशी औषधांविषयी आस्था आणि निष्कर्षातील परखडपणा एकत्र नांदू शकतात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

पाने ते अर्क

चाचणीचा प्रारंभ प्रयोगशाळेत नव्हे, तर वनात होतो. वनस्पतीची ओळख वनस्पतिशास्त्रज्ञाकडून निश्चित करून घेणे आणि तिचा वाळविलेला नमुना क्रमांकासह वनस्पतिसंग्रहालयात जमा करणे ही पहिली अट होय. स्थानिक नावांवर विसंबणे धोक्याचे असते, कारण एकाच नावाने दोन ठिकाणी दोन वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात. मेषशृंगी या संस्कृत नावाबाबतही असे मतभेद आहेत. पाने कोणत्या ऋतूत, कोणत्या जागेवरून तोडली यानुसार त्यांतील घटकांचे प्रमाण बदलते. म्हणून ही माहितीही नोंदवावी लागते.

पाने सावलीत वाळवून त्यांची भुकटी केली जाते आणि ती द्रावकात भिजवून किंवा सॉक्सलेट उपकरणात तापवून अर्क काढला जातो. द्रावकाची निवड निर्णायक असते. हेक्झेनमध्ये मेदयुक्त पदार्थ उतरतात, इथॅनॉल व मेथॅनॉलमध्ये फ्लॅव्होनॉइड, अल्कलॉइड, सॅपोनिन यांसारखी अनेक संयुगे, तर पाण्यात शर्करायुक्त पदार्थ व टॅनिन. त्यामुळे 'गुडमारचा अर्क' असा मोघम उल्लेख शास्त्रीयदृष्ट्या अपुरा ठरतो. कोणत्या द्रावकातील, किती भुकटीपासून किती मिळालेला आणि कोणत्या घटकाचे किती प्रमाण असलेला अर्क, हे सांगितल्याशिवाय दुसऱ्या प्रयोगशाळेला तोच प्रयोग पुन्हा करून पाहता येत नाही. अर्काचे मानकीकरण म्हणतात ते हेच.

परीक्षानळीतील पुरावा आणि त्याच्या मर्यादा

अर्काची पहिली परीक्षा बहुधा विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर होते. आहारातील पिष्टाचे विघटन अल्फा-अमायलेज व अल्फा-ग्लुकोसिडेज ही विकरे करतात. त्यांना रोखल्यास जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. अकारबोज हे प्रचलित औषध याच तत्त्वावर काम करते आणि म्हणून चाचणीत तुलनेसाठी तेच वापरले जाते. विकराचे कार्य निम्म्यावर आणण्यास अर्काची जी तीव्रता लागते, ती जितकी कमी तितका अर्क प्रभावी मानला जातो.

ही चाचणी स्वस्त व सोपी असल्याने महाविद्यालयीन प्रयोगशाळांतही ती सर्रास केली जाते. तथापि तिच्यात दोन खाचखळगे आहेत. पानांत टॅनिन भरपूर असेल तर ते कोणत्याही प्रथिनाला चिकटून त्याचा साका करते. विकर हेही प्रथिनच असल्याने ते निकामी होते आणि अर्क गुणकारी असल्याचा भास होतो. दुसरे असे की, या चाचण्यांचा निकाल रंगाच्या गडदपणावरून वाचला जातो. पानांच्या अर्काला स्वतःचाच हिरवा-तपकिरी रंग असतो. विकराशिवाय नुसत्या अर्काचे वाचन वजा केले नाही, तर आकडा निरर्थक ठरतो.

गुडमारच्या बाबतीत याहून सूक्ष्म अशी एक घटना घडली आणि ती प्रत्येक विद्यार्थ्याने नीट समजून घेण्याजोगी आहे. मद्रास येथील संशोधकांनी गुडमारच्या पानांपासून 'जीएस-४' या नावाचा पाण्यात विरघळणारा अर्क तयार केला होता. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी या अर्काचा परिणाम इन्सुलिन स्रवणाऱ्या बीटा पेशींवर तपासला. अर्क घालताच पेशींतून इन्सुलिन बाहेर पडू लागले. येथे थांबले असते, तर म्हसकर-कायस यांच्या अनुमानाला सत्तर वर्षांनी पुष्टी मिळाली असे म्हणता आले असते. परंतु या संशोधकांनी पुढचा प्रश्न विचारला : इन्सुलिन पेशीने स्रवले, की पेशीतून गळले? १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार अर्कामुळे पेशींच्या आवरणाची पार्यता वाढली होती, म्हणजेच आवरण झिरपू लागले होते. सॅपोनिन हा वर्ग साबणासारखा फेस देणारा व मेदाची आवरणे सैल करणारा आहे, हे आठवल्यास या निष्कर्षाचे आश्चर्य वाटत नाही. निरोगी पेशी गरजेप्रमाणे इन्सुलिन सोडते. सच्छिद्र झालेली पेशी गरज पाहत नाही. त्यामुळे या अर्काची उपयुक्तता केवळ परीक्षानळीतील बीटा पेशींवरून ठरविता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. पुढे २०१० मध्ये त्याच गटाच्या सहभागाने वेगळ्या पद्धतीने काढलेल्या गुडमारच्या अर्काचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या अर्काने पेशींच्या आवरणाला इजा न करता मानवी बीटा पेशींतून इन्सुलिनचा स्राव वाढविला आणि मधुमेही रुग्णांच्या एका लहान गटातही रक्तशर्करा उतरल्याचे आढळले. एकच पान, अर्क काढण्याची रीत वेगळी आणि निष्कर्षही वेगळा. मानकीकरणाचा आग्रह का धरला जातो, याचे उत्तर या दोन अभ्यासांत आहे.

प्राण्यांवरील प्रयोग

पेशींनंतरचा टप्पा प्राण्यांचा. प्राणी क्रौर्य प्रतिबंध अधिनियम, १९६० अन्वये स्थापन झालेली केंद्रीय समिती आणि १९९८ चे प्राणी प्रयोग नियम यांच्या चौकटीत संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय असा प्रयोग करता येत नाही. प्रथम तीव्र विषारीपणाची चाचणी होते. त्यानंतर विस्टार जातीच्या पांढऱ्या उंदरांमध्ये कृत्रिमरीत्या मधुमेह उत्पन्न केला जातो. त्यासाठी ॲलोक्झान किंवा स्ट्रेप्टोझोटोसिन ही रसायने वापरतात. दोन्ही बीटा पेशींचा नाश करतात. ॲलोक्झानचा हा गुण १९४३ मध्ये लक्षात आला. स्ट्रेप्टोझोटोसिन हे मूळचे एका मृदाजीवाणूपासून मिळालेले प्रतिजैविक आहे.

सर्वसाधारण रचना अशी असते : निरोगी गट, मधुमेही पण उपचार न दिलेला गट, ग्लिबेनक्लामाइड हे प्रचलित औषध दिलेला गट आणि अर्काच्या दोन वा तीन मात्रांचे गट. प्रत्येकात बहुधा सहा उंदीर. तीन-चार आठवडे रोज अर्क पाजून उपाशीपोटीची रक्तशर्करा, वजन, इन्सुलिन, मेदघटक, यकृताची विकरे मोजली जातात आणि शेवटी स्वादुपिंडाचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात.

या रचनेत एक तार्किक गोम दडलेली आहे. ग्लिबेनक्लामाइड हे शिल्लक राहिलेल्या बीटा पेशींना इन्सुलिन सोडावयास लावते. पेशी पूर्णपणे नष्ट झाल्या असतील, तर त्याचा उपयोग होऊ नये. एखाद्या शोधनिबंधात 'तीव्र मधुमेही' उंदरांवर ग्लिबेनक्लामाइड उत्तम लागू पडल्याचे दिसत असेल, तर त्या उंदरांच्या बऱ्याच पेशी शाबूत होत्या असा त्याचा अर्थ होतो. अशा अंशतः बिघडलेल्या स्वादुपिंडात काही प्रमाणात आपोआप सुधारणा होणेही संभवते. म्हणूनच उपचार न दिलेल्या गटाशी तुलना अपरिहार्य असते. केवळ 'आधी' आणि 'नंतर' यांची तुलना करून काढलेल्या निष्कर्षाला फारसा अर्थ नसतो.

आणखी एक शक्यता तपासावी लागते. कडू अर्क पाजलेला उंदीर कमी खातो आणि कमी खाणाऱ्याची साखर उतरतेच. यकृताला विषबाधा झाली तरी रक्तशर्करा खाली येते. तेव्हा साखर उतरणे हे नेहमीच औषधी गुणाचे लक्षण असते असे नाही. आहाराचे मोजमाप, वजनाचा आलेख व यकृताची तपासणी यांना शोधनिबंधात दुय्यम स्थान मिळते. वास्तविक निकालाचा अर्थ त्यांच्यावरूनच लागतो. उंदरांची गटवारी यादृच्छिक पद्धतीने केली होती काय आणि मोजमाप करणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातील हे ठाऊक होते काय, हेही पाहावे.

मात्रेचे गणित

उंदरांवरील बहुसंख्य अभ्यासांत अर्काची मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे २०० ते ४०० मिलिग्रॅम इतकी असते. ती माणसाला लागू करताना थेट गुणाकार करून चालत नाही. लहान प्राण्याचा चयापचय वेगवान असतो. त्यामुळे शरीराच्या पृष्ठफळावर आधारित पद्धतीनुसार उंदराच्या मात्रेला ६.२ ने भागतात. ४०० ला ६.२ ने भागल्यास सुमारे ६४.५ मिलिग्रॅम येतात. ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसासाठी हे दररोज ३.९ ग्रॅम अर्क एवढे होते. वाळलेल्या पानांपासून दहा टक्के अर्क निघतो असे धरले, तर त्यासाठी रोज ३९ ग्रॅम वाळलेली पाने लागतील. आणि ताज्या पानांत तीन चतुर्थांश पाणी धरल्यास दीडशे ग्रॅमहून अधिक ताजा पाला. सकाळी चार पाने चावून खाणाऱ्यास उंदरांवरील प्रयोगाचा दाखला देता येत नाही, तो या गणितामुळे. गुडमारच्या मानवी अभ्यासांत वापरलेली मात्रा दिवसाला एकूण ४०० मिलिग्रॅम होती, म्हणजे वरील गणिताच्या जवळपास एक दशांश. दोहोंतील अर्क सारखा नसल्याने तुलना ढोबळच राहते. तरीही प्राण्यांतील परिणाम आणि माणसातील परिणाम यांचा सांधा किती सैल आहे, हे तिच्यावरून कळते.

माणसांवरील चाचणी

मद्रास विद्यापीठातील डॉ. ई. आर. बी. षण्मुगसुंदरम् व त्यांच्या सहकाऱ्यांचे दोन अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्यात इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या २७ रुग्णांना इन्सुलिनच्या जोडीला जीएस-४ अर्क देण्यात आला आणि त्यांची इन्सुलिनची गरज कमी झाल्याचे आढळले. दुसऱ्यात प्रकार-२ च्या २२ रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांसोबत १८ ते २० महिने हा अर्क दिला गेला. त्यांच्या एचबीएवनसी या निर्देशांकाची सरासरी सुमारे १२ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आली आणि २२ पैकी ५ जणांना नेहमीच्या गोळ्या थांबविता आल्या.

हे आकडे उत्साहवर्धक आहेत, यात शंका नाही. गुडमारच्या बाटल्यांवर आणि जाहिरातींत त्यांचा आधार आजही घेतला जातो. परंतु रुग्णसंख्या अल्प होती; रुग्णांची विभागणी यादृच्छिक नव्हती; अर्कासारखेच दिसणारे निष्क्रिय औषध, म्हणजे प्लासिबो, तुलनेसाठी दिलेले नव्हते. संशोधनात सहभागी झालेला रुग्ण वारंवार तपासला जातो, पथ्य अधिक काटेकोरपणे पाळतो आणि त्यामुळेही त्याची साखर सुधारते. सुधारणेतील किती वाटा पानांचा आणि किती पथ्याचा, हे अशा अभ्यासातून वेगळे काढता येत नाही. जाता जाता नमूद करावयाचे म्हणजे, गुडमारची प्लासिबोशी तुलना करणे एरवीपेक्षा कठीण आहे. खरी भुकटी जिभेला लागताच साखर बेचव होते आणि रुग्णाला आपल्याला काय मिळाले ते लगेच कळते. म्हणून औषध बंद कॅप्सूलमधूनच द्यावे लागते.

एचबीएवनसीचा आग्रह का, हेही समजून घ्यावे. तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते आणि तेवढ्या काळातील सरासरी साखरेचा ठसा तिच्यातील हिमोग्लोबिनवर उमटतो. एका सकाळची उपाशीपोटीची साखर आदल्या रात्रीच्या जेवणावरही अवलंबून असते. त्यामुळे तीन महिन्यांहून कमी काळाच्या चाचणीवरून मधुमेहाविषयी ठाम बोलता येत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने विजयसारवर केलेल्या बहुकेंद्री अभ्यासाचा येथे उल्लेख आवश्यक आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नव्याने निदान झालेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची, म्हणजे ६९ टक्के रुग्णांची रक्तशर्करा बारा आठवड्यांत आटोक्यात आली. अनेक केंद्रांत एकाच आराखड्याने काम झाले, हे त्याचे बलस्थान. तथापि हाही खुला अभ्यास होता. कोणाला काय दिले हे सर्वांना ठाऊक होते.

भारतात १५ जून २००९ पासून प्रत्येक चिकित्सालयीन चाचणीची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वी करणे बंधनकारक झाले. या तरतुदीचे महत्त्व प्रथमदर्शनी ध्यानात येत नाही. दहा चाचण्यांपैकी दोन यशस्वी झाल्या आणि त्या दोनच छापल्या गेल्या, तर वाचकाला औषध रामबाण वाटते. पूर्वनोंदणीमुळे उरलेल्या आठांचा माग राहतो.

वनस्पतीतून औषध कसे घडते

वनस्पतीपासून प्रेरणा घेऊन मधुमेहावरील प्रमुख औषध घडल्याचे उदाहरण जगासमोर आहे. युरोपातील गॅलेगा ऑफिसिनॅलिस या वनस्पतीत गॅलेजिन हे ग्वानिडीन वर्गातील संयुग असते. १९१८ मध्ये ग्वानिडीनमुळे रक्तशर्करा उतरते हे दिसून आले. परंतु ते विषारी होते आणि गॅलेजिनही रुग्णांना मानवले नाही. १९२२ मध्ये डब्लिन येथे मेटफॉर्मिन हे संबंधित संयुग प्रयोगशाळेत तयार झाले, १९५७ मध्ये फ्रान्सच्या ज्याँ स्टर्न यांनी त्याचा रुग्णांवरील वापर प्रसिद्ध केला आणि अमेरिकेत त्यास मान्यता मिळण्यास १९९४ उजाडले. मेटफॉर्मिन वनस्पतीतून काढलेले नाही, ते कारखान्यात तयार होते. आणि मूळ वनस्पती तर चरणाऱ्या जनावरांनाही अपायकारक आहे. 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' या समजुतीला याहून चोख उत्तर नाही. गुडमारही याला सर्वस्वी अपवाद नाही. तिच्या सेवनानंतर यकृतदाह झाल्याचा एक रुग्ण २०१० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदविला गेला आहे. शिवाय गोळ्या वा इन्सुलिन चालू असताना त्यात अशा अर्काची भर पडल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. याहून गंभीर धोका म्हणजे अर्काच्या भरवशावर इन्सुलिन बंद करणे. प्रकार-१ च्या रुग्णाच्या बाबतीत असा निर्णय काही दिवसांतच प्राणघातक ठरतो.

भारतीय कायद्यात वनस्पतिजन्य औषधांसाठी दोन मार्ग आहेत. आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांना औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मधील स्वतंत्र प्रकरण लागू होते. ग्रंथोक्त योगांना त्यात तुलनेने सुलभ परवाना मिळतो. दुसरा मार्ग नोव्हेंबर २०१५ च्या अधिसूचनेने खुला झाला. 'फायटोफार्मास्युटिकल' या नव्या वर्गात वनस्पतीचा शुद्ध व प्रमाणित केलेला अंश येतो आणि त्यातील किमान चार घटकांचे मोजमाप सादर करावे लागते. सुरक्षितता व परिणामकारकता यांचे पुरावे येथे आधुनिक औषधाप्रमाणेच द्यावे लागतात. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये बंदी आहे. परीक्षार्थींनी या तीन तरतुदींतील भेद नीट लक्षात ठेवावा. प्रश्नपत्रिकेत त्यांची गल्लत करण्याची संधी हमखास असते.

ज्ञान कोणाचे, पाला कोणाचा

मे १९९९ मध्ये अमेरिकेत जांभूळ, कारले, वांगे व गुडमार यांपैकी किमान दोहोंच्या मिश्रणाला रक्तशर्करा उतरविणारे मिश्रण म्हणून पेटंट देण्यात आले. त्याआधी १९९७ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने हळदीवरील अमेरिकन पेटंट रद्द करून घेतले होते. प्रत्येक पेटंटाविरुद्ध परदेशात लढणे परवडणारे नसल्याने २००१ मध्ये पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले. संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू व तमिळ ग्रंथांतील योग त्यात आंतरराष्ट्रीय भाषांत नोंदविले गेले असून २००९ पासून युरोपीय पेटंट कार्यालय ते तपासणीसाठी वापरू लागले. यात सूक्ष्म मुद्दा असा की, ग्रंथात नोंद असणे पेटंट रोखण्यास पुरेसे असते, औषध परिणामकारक आहे हे सिद्ध करण्यास नाही.

जैविक विविधता अधिनियम, २००२ आणि चेन्नईस्थित राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण यांच्यामुळे अशा संसाधनांच्या व्यापारी वापरातील लाभाचा वाटा स्थानिक समुदायांपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था झाली. २०२३ च्या दुरुस्तीने संहिताबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापरास व नोंदणीकृत आयुष वैद्यांना काही तरतुदींतून सूट मिळाली. ग्रंथात लिहिलेले ज्ञान आणि आदिवासी पाड्यांवर तोंडी चालत आलेले ज्ञान यांच्यातील सीमारेषा प्रत्यक्षात कशी आखावयाची, हा वाद त्यामुळे अधिक टोकदार झाला आहे.

पानांवरील संशोधनाला प्राधान्य देण्यामागे संवर्धनाचेही कारण आहे. विजयसारचा औषधी भाग म्हणजे त्याचे गाभ्याचे लाकूड. ते मिळविण्यासाठी झाड तोडावे लागते. या वृक्षाचा समावेश आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत संकटसमीप वर्गात झालेला आहे. दारुहळदीचे मूळ खणले की झुडूप जाते. गुडमारची पाने खुडल्यावर वेल पुन्हा फुटते आणि कुंपणावर वा मांडवावर तिची लागवडही करता येते. २००० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने अशा लागवडीला प्रोत्साहन देण्याचे धोरण ठेवले आहे. मात्र वनातून गोळा होणारा पाला व्यापाऱ्यापर्यंत पोहोचताना त्यात दुसऱ्या वेलींची पाने मिसळण्याची शक्यता असते, आणि कारखान्याच्या दारात येणाऱ्या प्रत्येक पोत्यातील जिम्नेमिक आम्लाचे प्रमाण मोजून भाव ठरविण्याची पद्धत रुजल्याशिवाय शुद्ध माल आणणाऱ्या गोळा करणाऱ्यास जास्त दर मिळणार नाही.